माफीचा हिशेब

२०२४-२५ पासून ८ लाखांच्या आत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएस मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क सरकारने १०० टक्के माफ केलं. शिरूरकडच्या एका बापाने पेढे वाटले. कॉलेजच्या खिडकीवर कळलं, विकास शुल्क त्यात बसत नाही. (विकास कोणाचा, ते नवा मजला पाहिला की कळतं.) वर, ‘तूर्त सगळी फी भरा, महाडीबीटी पोर्टलवरून शिष्यवृत्तीचे पैसे आले की परत देऊ.’ उसाचं बिल कारखान्यात अडकलेलं, शिष्यवृत्ती पोर्टलवर. थकबाकीदार म्हणून नोटीस बोर्डावर नाव मात्र पोरीचं. दाखल्याला तहसील, आधार जोडायला बँक, स्पेलिंग सुधारायला परत सेतू केंद्र. दौंड जंक्शनातून गाड्या चहूकडे सुटतात. पोरीचा अर्ज तेवढा कॉलेजच्या क्लार्कच्या लॉगिनमध्ये सायडिंगला. मार्चअखेरीला म्हणे सिग्नल मिळेल.