दिवाडीवरून गाडी जाते

जुन्या गोव्यात मांडवीच्या काठी व्हाइसरॉयची कमान आहे. वास्को द गामाच्या पणतूने 1597 च्या सुमारास इथला व्हाइसरॉय झाल्यावर पणजोबांच्या नावाने ती बांधली. पोर्तुगालहून आलेला नवा साहेब धक्क्यावर उतरून याच कमानीतून वाजतगाजत शहरात शिरायचा. आज त्या वाटेने दिवाडी बेटाची फेरी गाठायला स्कूटर पळतात आणि पायाशी मासळीच्या पिशव्या डुलतात.

फेरी म्हणजे सपाट लोखंडी बोट. पायी माणसाला फुकट असल्यामुळे मी मालकाच्या रुबाबात चढलो. बेटावरची माणसं निवांत असतात, असं ऐकलं होतं. पलीकडे बोटीची फळी अजून धक्क्याला टेकते न टेकते, तोच सगळ्या स्कूटर गुरगुरू लागल्या. मी कठड्याला चिकटलो.

पलीकडे खाजनातली शेतं आणि त्यांच्यावरून कोकण रेल्वे! 1998 पासून मुंबई-मंगळूरच्या गाड्या दिवाडीवरून धडाडत जातात. थांबत मात्र एकही नाही. म्हणजे दिवाडीकराला मुंबईला जायचं तर आधी फेरीने नदी ओलांडायची, करमळी स्टेशन गाठायचं, गाडीत बसायचं, आणि मग ती गाडी त्याला पुन्हा दिवाडीवर आणते. घराचं दार नीट लावलंय का, हे खिडकीतून बघून घ्यायची सोय.

देवालाही इथून नदी चुकली नाही. कदंबांचा सप्तकोटेश्वर मूळचा याच बेटावरचा. पोर्तुगीजांनी देऊळ पाडलं, तेव्हा भक्तांनी त्याला पलीकडे डिचोलीच्या बाजूला नार्व्याला नेलं. 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी तिथे देऊळ बांधवून घेतलं. दिवाडीकर आजही बेटाच्या दुसऱ्या टोकाची फेरी पकडून दर्शनाला जातात.

एवढं सगळं ऐकल्यावर मुंबईच्या माणसाला सुचतं तेच मला सुचलं. बेटावरच्या एका बाकावर बसलेल्या आजोबांना विचारलं, “इथे एक पूल का नाही बांधत?”

“पूल जाल्यार सगळे हांगा येतले.”

“मी तर पुलाशिवायच आलो की!”

त्यांनी मला टोपीपासून बुटांपर्यंत न्याहाळलं, मग घड्याळ पाहिलं.

“आयलात, बरें केलें. लास्ट फेरी चुकवूं नाकात.”