टक

चतुर्थीच्या आदल्या दिवशी पणजीहून पेडण्याला निघालो आणि कोलवाळचा पूल ओलांडला न ओलांडला तोच मागचं चाक बसलं. डिकीत स्टेपनी होती. (वेल्समधल्या लानेली गावात स्टेपनी नावाच्या रस्त्यावर दोघा भावांनी 1904 च्या सुमारास जादा चाकाचा धंदा काढला, त्या रस्त्याचं नाव आपण अजून डिकीत घेऊन फिरतो.) पंक्चरवाल्या पोराने ती चढवली, पाना नटाला लावला, त्यावर उभा राहिला आणि दोन उड्या मारल्या.

"आता जन्मात सुटायचा नाही," तो म्हणाला.

त्याने धीर द्यायला म्हटलं, मला घाम फुटला. पुढचं पंक्चर याच जन्मात होणार होतं.

गाडीच्या पुस्तकात नटासाठी 100 न्यूटन मीटर लिहिलंय. म्हणजे मीटरभर दांड्याच्या टोकाला साधारण 10 किलोचं ओझं, फूटभर पान्यावर 33-34 किलोचं. पोर असेल साठाचं, उड्यांचा हिशेब वेगळा. जास्त घट्ट म्हणजे जास्त चांगलं, हे लोणच्याच्या बरणीपुरतं ठीक. चाकाचा बोल्ट ही खरं तर स्प्रिंग असते: तो किंचित ताणला जातो आणि त्या ताणानेच चाक हबला चिकटून राहतं. फार ताणला की पायजम्याच्या जुन्या इलॅस्टिकसारखा, परत जागेवर येत नाही.

म्हणून म्हापशाहून टॉर्क रेंच आणला. आकडा लावायचा, हळूहळू ओढायचं, 'टक' झालं की थांबायचं. एक नट झाला की त्याच्या समोरचा. शेजारचा नाही, नाहीतर चाक तिरकं बसतं. पेडण्याच्या घरी माटोळी बांधायचं सोडून सगळे अंगणात जमले.

"हाताला कळतं रे," काका म्हणाले. आमच्या घरात मीठसुद्धा हाताला कळतं, आणि दरवर्षी कुणाच्या हाताला किती कळलं यावर वाद होतो.

पोरांना मात्र 'टक' भलतंच आवडलं. प्रत्येकाला एकदा ऐकायचं होतं. एका नटाने नऊ वेळा टक केलं, आणि टक झाल्यावरही ओढत राहिलं की नट केसभर पुढे सरकू शकतो, हे मी नेवऱ्या खाताना वाचलं. सगळे नट सोडून पुन्हा आवळले. आरती माझ्याशिवाय झाली.

पुढची सूचना अशी की 80-100 किलोमीटर गेल्यावर नट पुन्हा तपासावेत. लांबलचक अमेरिकी रस्त्यांवर कॅराव्हान ओढणाऱ्यांना यात काय विशेष! पण पणजीहून उत्तरेला 80 किलोमीटर म्हणजे कुडाळाच्या आसपास. नट तपासायला परराज्यात कोण जाणार? शेवटी पणजी, पेडणे, डिचोली असा वळसा काढला. डिचोलीला आजोळ.

मामाने 2012 मध्ये खाणी बंद पडेपर्यंत टिपर चालवला. दर सकाळी चाकांभोवती फिरून तो प्रत्येक नटावर हातोडी मारायचा. घट्ट नट खणखणतो, ढिला थपकतो. मी रेंच काढेपर्यंत त्याने मागच्या चाकाचे चारही नट वाजवून घेतले होते.

"तिसरा बघ."

पहिल्याने टक केलं. दुसऱ्याने केलं. तिसरा पाव फेरा फिरला, मग टक.

मामा काही बोलला नाही. रेंच हातात घेऊन उलटापालटा केला, दांड्यावरचे आकडे चष्म्याखालून वाचले आणि "दोन दिवस असूं दे" म्हणाला.

त्याला आता सात महिने झाले. वाड्यावरच्या गाड्या तपासून घ्यायला लोक येतात. मामा आधी हातोडी मारतो, मग रेंच लावतो. रेंच बिघडला तर कळायला हवं, म्हणतो.