पत्र जोडून द्या, पण बेताने

(पुण्यातल्या एका शाळेच्या माजी विद्यार्थी मंडळाच्या चिटणिसांचं घर. टेबलावर लॅपटॉप. सोफ्याच्या एका टोकाला चिटणीस, दुसऱ्या टोकाला खजिनदार. दोघेही सत्तरीचे. समोरच्या खुर्चीत होस्टिंग कंपनीचा तरुण सर्व्हरवाला.)

चिटणीस: हे बघ बाबा, मंडळाची मेलिंग लिस्ट तुमच्या सर्व्हरवर आणायची. जुना सर्व्हर या महिनाअखेरीस बंद होतोय.

सर्व्हरवाला: सदस्य किती, काका?

चिटणीस: दोनशे चाळीस. त्यातले सहा वारलेत. पण त्यांना पाठवलेली पत्रं परत येत नाहीत, म्हणून नावं तशीच ठेवलीत.

खजिनदार: (खिडकीकडे बघत) त्यांना विचारा, खर्च किती येणार.

चिटणीस: त्यांना सांग, काही नाही. होस्टिंगच्या सीपॅनेलमध्येच मेलमन मिळतो.

सर्व्हरवाला: अहो, तुम्ही दोघं एकाच सोफ्यावर बसलाय!

चिटणीस: सोफा तीन माणसांचा आहे.

खजिनदार: फुकट मिळणाऱ्या वस्तूचं मूळ तपासावं. हा मेलमन कोणाचा?

सर्व्हरवाला: ग्नू प्रकल्पाचा. मेलिंग लिस्ट चालवायचं मुक्त सॉफ्टवेअर आहे. जॉन व्हिएगा व्हर्जिनियात विद्यार्थी असताना त्याने ते लिहायला घेतलं, डेव्ह मॅथ्यूज बँडच्या चाहत्यांच्या लिस्टसाठी.

चिटणीस: म्हणजे मूळ गाण्याबजावण्याचंच. तरीच आमच्या लिस्टवर ज्याचा त्याचा सूर वेगळा लागतो.

सर्व्हरवाला: बरं, आधी डायजेस्टचं बघू. सुट्या पत्रांऐवजी डायजेस्ट घेणारे किती?

चिटणीस: निम्मे. दिवसभराची पत्रं एका गठ्ठ्यात आली की वाचायची राहिलीत असं वाटत नाही. न वाचलेलं एकच पत्र दिसतं.

सर्व्हरवाला: मेलमनचा गठ्ठा दोन कारणांनी सुटतो. एक, रोज दुपारी बारा वाजता. सर्व्हरवर क्रॉन असतो, तो वेळ झाली की ठरलेली कामं उरकतो. दुसरं, बाराच्या आधीच साठलेली पत्रं ३० केबीच्या वर गेली, तर गठ्ठा लगेच निघतो.

खजिनदार: ३० केबी म्हणजे कागदावर किती?

सर्व्हरवाला: इंग्रजीत दहा-पंधरा पानं. मराठीत त्याचा तिसरा हिस्सा धरा. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीतलं एकेक चिन्ह तीन बाइट घेतं, आणि काना-मात्रा वेगळ्या मोजतात.

खजिनदार: मातृभाषेला तिप्पट आकार. नोंद करतो.

चिटणीस: मग दिवाळीत एका दिवसात अकरा गठ्ठे आले होते, ते कशाने?

सर्व्हरवाला: कोणीतरी डायजेस्टलाच उत्तर दिलं असणार. वर ‘छान!’ एवढाच शब्द, खाली अख्खा डायजेस्ट चिकटलेला. ते पत्र लिस्टवर आलं की एकट्यानेच मर्यादा ओलांडतं, म्हणून लगेच नवा डायजेस्ट. त्याला दुसरा ‘सहमत’ म्हणून उत्तर देतो. आणि विषयाच्या जागी ‘खंड १२, अंक ४५’ असतं, त्यामुळे छान काय आणि सहमत कशाशी, ते कळत नाही.

खजिनदार: पहिलं ‘छान’ कोणाचं होतं, ते त्यांना विचारा.

चिटणीस: त्यांना सांग, उत्तेजन द्यावं लागतं.

सर्व्हरवाला: पण ४० केबीच्या वरचं पत्र मेलमन अडवतो आणि व्यवस्थापकाची परवानगी मागतो. ‘सहमत’ तिथेच अडकायला हवं होतं.

चिटणीस: परवानगी मीच देतो की! एकाचं सोडलं नि दुसऱ्याचं अडवलं, तर माणूस म्हणतो, मुद्दाम केलं.

सर्व्हरवाला: ठीक. ३०ची मर्यादा मी बरीच वर नेतो. दिवसाला एकच डायजेस्ट, दुपारी बाराला. परवानगीचं तुम्ही आवरा.

चिटणीस: आणखी एक दुखणं आहे. मराठीत लिहिलं की डायजेस्टात नुसती प्रश्नचिन्हं येतात.

सर्व्हरवाला: लिस्टची भाषा इंग्रजी ठेवलीय ना, म्हणून. साध्या मजकुराचा डायजेस्ट लिस्टच्या भाषेच्या अक्षरसंचात लिहिला जातो. त्या संचात देवनागरी नाही, मग प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह पडतं. हा डायजेस्ट आरएफसी ११५३च्या नियमाने बांधतात, १९९० सालच्या. दुसरा प्रकार माइम डायजेस्टचा. त्यात प्रत्येक पत्र आपल्या मूळ रूपात आत बसतं. तो सगळ्यांना लावू या.

खजिनदार: माझा वार्षिक हिशेब त्याच रूपात गेला होता. अडीच पानं प्रश्नचिन्हं. सभेत मात्र एकही प्रश्न आला नाही.

चिटणीस: म्हणूनच मी तेव्हापासून इंग्रजीत लिहितो.

खजिनदार: आणि प्रत्येक ओळीचं पहिलं अक्षर कॅपिटल काढतात. वाक्य मध्येच असलं तरी.

चिटणीस: आम्हाला शाळेत तसंच शिकवलंय.

खजिनदार: त्यांना सांगा, कवितेसाठी शिकवलं होतं. मी त्यांच्याच बाकावर होतो.

सर्व्हरवाला: आता अर्काइव्ह. जुनी सगळी पत्रं महिन्यावारी लावून ठेवायची, हे मेलमन आपोआप करतो. फक्त सांगा, उघडं ठेवायचं की सभासदांपुरतं? उघडं ठेवलं तर गूगलवर कोणालाही सापडेल.

चिटणीस: सभासदांपुरतं ठेव. आमच्या दप्तरात तीन माणसांच्या शस्त्रक्रिया आणि एकाच्या सुनेबद्दलची चर्चा आहे.

सर्व्हरवाला: मग प्रत्येकाला पासवर्ड लागेल.

चिटणीस: लागू दे. आणि हे बघ, त्यातलं एक पत्र गाळायचंय. नोव्हेंबर २००९चं, माझं.

खजिनदार: (एकदम वळून) गाळायचं नाही! ते पत्र राहिलंच पाहिजे!

सर्व्हरवाला: असं काय आहे त्यात?

चिटणीस: शब्दन् शब्द आता आठवत नाही. स्नेहसंमेलनाच्या जेवणाबद्दल होतं. पण त्यानंतर हा माणूस माझ्याशी बोलला नाही. म्हणजे काहीतरी वाईटच असणार.

खजिनदार: यांनी मला चोर म्हटलं! दोनशे चाळीस माणसांसमोर!

चिटणीस: मग पंधरा वर्षं खजिनदार राहिलात कशाला?

खजिनदार: राजीनामा दिला असता, तर लोक म्हणाले असते, खाल्ले म्हणूनच गेला.

सर्व्हरवाला: काका, एक पत्र गाळणं दिसतं तेवढं सोपं नाही. सगळी पत्रं एकाच लांबलचक फाइलमध्ये असतात, तिला एमबॉक्स म्हणतात. त्यातून पत्र काढायचं, मग ‘आर्च’ची आज्ञा देऊन सगळी पानं नव्याने बनवायची. त्यात पुढच्या पत्रांचे नंबर सरकतात, जुन्या लिंका भलत्याच पत्रावर जातात. हिशेबाची लिंक दाबाल तर शोकप्रस्ताव उघडेल.

चिटणीस: हिशेबाच्या बाबतीत फरक पडायचा नाही.

सर्व्हरवाला: शिवाय पत्र सगळ्यांच्या इनबॉक्समध्ये गेलेलं आहे. तिथून कसं काढणार? (लॅपटॉपवर शोधत) नोव्हेंबर २००९... हे तुमचं पत्र. आणि त्याच्या खाली हे दुसरं कोणाचं? पाठवणारा नाही, तारीख नाही, विषय नाही. नुसत्या दोन ओळी.

चिटणीस: निनावी? आमच्या मंडळात? शक्य नाही. इथे शिवीखालीसुद्धा पूर्ण नाव आणि बॅच लिहितात.

सर्व्हरवाला: थांबा, थांबा. खजिनदारकाका, तुम्ही हे पत्र वाचलंत कधी?

खजिनदार: उशिरा. स्नेहसंमेलन आटोपल्यावर मी मुलाकडे न्यू जर्सीला गेलो. जाताना लिस्टवर ‘सध्या पत्रं नकोत’ केलं होतं. परत आलो, दप्तर उघडलं, आणि ते वाचलं.

सर्व्हरवाला: मधल्या काळात सर्व्हर बदलला होता?

चिटणीस: हो, २०१०च्या जानेवारीत. तेव्हाच्या माणसाने दप्तर नव्याने बांधलं होतं.

सर्व्हरवाला: मग घोटाळा तिथेच झाला. एमबॉक्समध्ये एक पत्र संपून दुसरं सुरू झालं, हे कसं ओळखतात? ओळीच्या सुरुवातीला ‘फ्रॉम’ आणि पुढे मोकळी जागा दिसली की नवं पत्र धरतात. पत्राच्या मजकुरातच एखादी ओळ ‘फ्रॉम’ने सुरू झाली, तर तिच्या आधी ‘>’ असं चिन्ह घालून ठेवायचं असतं. त्या वेळच्या प्रोग्रॅमने ते घातलं नाही. त्यातून ‘फ्रॉम’चा एफ कॅपिटलच लागतो.

खजिनदार: (हळूहळू) प्रत्येक ओळीचं पहिलं अक्षर...

सर्व्हरवाला: त्यामुळे तुमचं पत्र मध्येच कापलं गेलं. यावर ‘क्लीनआर्च’ नावाचं हत्यार आहे, खऱ्या आणि खोट्या ‘फ्रॉम’मध्ये फरक करतं. सीपॅनेलवर त्याचं बटण नसतं, सर्व्हरवर शिरून आज्ञा द्यावी लागते. देऊ?

चिटणीस: नको. निनावी आहे तर निनावीच राहू दे.

खजिनदार: द्या! मला यांच्या नावासकट पाहिजे!

(सर्व्हरवाला कळा दाबतो.)

सर्व्हरवाला: झालं. वाचतो हं. ‘अवर ट्रेझरर टुक रुपीज फोर थाउजंड’...

खजिनदार: ऐका! चार हजार घेतले म्हणे!

सर्व्हरवाला: पुढची ओळ, ‘फ्रॉम हिज ओन पॉकेट अँड पेड द कुक.’ आणि त्याच्या खाली, ‘वी ऑल शुड थँक हिम.’

(शांतता.)

खजिनदार: स्वतःच्या खिशातून...

चिटणीस: आचारी दारात अडून बसला होता! आठवलं! रक्कम कमी पडली, तू खिशातून काढून दिलीस! अरे लेका, मी तुझे आभार मानले होते!

खजिनदार: मग बाकीच्या कोणी मला सांगितलं का नाही?

चिटणीस: डायजेस्टात गेलं होतं.

खजिनदार: पंधरा वर्षं मी तुझ्या नातवाच्या मुंजीला आलो नाही, मुलीच्या लग्नात जेवलो नाही...

चिटणीस: लग्नात जेवलास. मी पाहिलं.

खजिनदार: मठ्ठा घेतला फक्त.

सर्व्हरवाला: चला, बरं झालं. म्हणजे आता काही गाळायचं नाही. अर्काइव्ह असंच नव्या सर्व्हरवर चढवतो.

खजिनदार: चढवा. आणि या पत्राची एक प्रत छापून द्या मला. त्या चार हजारांची पावती आचाऱ्याने दिली नव्हती, म्हणून मला कधी मागता आले नाहीत. आता लेखी पुरावा आहे, चिटणिसांच्या नावाचा, तारखेसकट. मंडळाकडून येणे रुपये चार हजार, अधिक पंधरा वर्षांचं व्याज.

चिटणीस: (सर्व्हरवाल्याच्या कानाशी) बाबा रे, ते ‘>’ चिन्ह काढलं, तर पत्र पुन्हा तुटतं ना?