'नंतर' खोडा

या आठवड्यात एकाच शब्दावर लिहिते आहे. तीन अक्षरांचा शब्द आहे. नंतर.

हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६. कलम ६. अज्ञान मुलाचा, म्हणजे अठरा वर्षांखालच्या लेकराचा, नैसर्गिक पालक कोण? कायदा सांगतो: बाप, आणि त्याच्यानंतर आई. लगेच पुढे जोड आहे, की पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा सामान्यतः आईकडे असावा. म्हणजे न्हाऊमाखू घालणं, रात्र-रात्र जागणं, तापात उशाशी बसणं आईचं. सही बापाची.

सत्तर वर्षं होत आली. शब्द जागचा हललेला नाही.

हेच कलम आणखी खाली वाचा. लग्नाशिवाय जन्मलेल्या मुलाची नैसर्गिक पालक आई, आणि तिच्यानंतर बाप. याचा सरळ अर्थ असा, की आईला पहिला मान मिळतो तो तिचं लग्न झालेलं नसेल तरच. गळ्यात मंगळसूत्र पडलं, की ती दुसऱ्या नंबरवर. त्याखालची ओळ तर अंगावर येते. लग्न झालेल्या अज्ञान मुलीचा नैसर्गिक पालक कोण? तिचा नवरा. २००६ च्या कायद्याने अठरा वर्षांखालच्या मुलीचं लग्न लावणं गुन्हा ठरवलं. आणि १९५६ चा कायदा त्याच मुलीचं पालकत्व तिच्याशी लग्न करणाऱ्याच्या हाती देतो. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात त्या याच. दोन्ही कायदे आज लागू आहेत. ही ओळ अजून का आहे, याचं उत्तर संसदेने द्यायला हवं.

लेखिका गीता हरिहरन यांनी १९८४ मध्ये मुलाच्या नावाने रिझर्व्ह बँकेचे रोखे घ्यायचं ठरवलं. पालक म्हणून आईने सही करावी, असं नवरा-बायको दोघांनी मिळून ठरवलेलं. बँकेने अर्ज परत पाठवला आणि बापाची सही मागितली. ते दोघं मिळून सर्वोच्च न्यायालयात गेले. १७ फेब्रुवारी १९९९ रोजी निकाल लागला. न्यायालयाने सांगितलं, की 'नंतर'चा अर्थ 'बाप मेल्यानंतर' असा घ्यायचा नाही. बाप जवळ नसेल, लक्ष घालत नसेल, आजारपणामुळे असमर्थ असेल किंवा दोघांनी तसं ठरवलं असेल, तर तो हयात असतानाही आई पालक आहे.

निकालाने हजारो बायकांची वाट मोकळी केली. पण न्यायालयाने शब्दाचा अर्थ बदलला, शब्द राहिला. बाप घरात असेल, धडधाकट असेल, लक्ष घालत असेल, तर आई कुठे उभी राहते? आजही एक पाऊल मागेच. विधी आयोगाने १९८९ मध्ये आपल्या १३३ व्या अहवालात हा भेद काढायला सांगितलं. २०१५ मध्ये २५७ व्या अहवालात पुन्हा सांगितलं, की आई-बाप दोघंही एकाच वेळी, एकाच दर्जाचे नैसर्गिक पालक माना. दोन अहवालांमध्ये सव्वीस वर्षं गेली. दुसऱ्या अहवालानंतरही कलम होतं तसंच आहे.

'एका शब्दाने काय बिघडतं?' असं मला विचारतात. बिघडतं ते खिडकीवर बिघडतं. खिडकीपलीकडचा माणूस सर्वोच्च न्यायालयाचे निकाल वाचत नाही, तो समोरचा फॉर्म वाचतो. आमच्या शेजारची एक जण मुलाला एकटीने वाढवते. शाळा बदलायची म्हणून दाखला आणायला गेली. 'मिस्टरांची सही लागेल.' मिस्टर तीन वर्षं बेपत्ता. चार खेपा, चार दिवसांची रजा, चार दिवसांचा पगार गेला. तिला १९९९ चा निकाल माहीत नव्हता. खिडकीतल्या माणसालाही नव्हता. पण 'आधी बाप' हे दोघांनाही माहीत होतं. कायद्याचा शब्द असा झिरपत झिरपत खिडकीपर्यंत येतो.

सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१५ मध्ये सांगितलं, की अविवाहित आईला पालक म्हणून नेमताना बापाला नोटीस काढण्याची सक्ती नाही, आणि तिच्या प्रतिज्ञापत्रावर मुलाचा जन्मदाखला द्या. जुलै २०२२ मध्ये सांगितलं, की बाप वारला असेल तर मुलाचं आडनाव ठरवण्याचा हक्क आईला आहे. महाराष्ट्र सरकारने मार्च २०२४ मध्ये निर्णय केला, की १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर मुलाचं नाव, मग आईचं, मग बापाचं आणि मग आडनाव, असा क्रम राहील. चांगला निर्णय आहे, मी त्याचं मनापासून स्वागत करते. पण आता बघा. आपल्या मुलांच्या नावात आई बापाच्या आधी आहे आणि पालकत्वात त्याच्यानंतर. नाव दिलंत तसा हक्कही द्या.

पोटगीचंही तेच. पोट आज आहे, पोटगी नंतर.

अंतरिम पोटगीचा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो साठ दिवसांत निकाली काढा, असं कायद्यात लिहिलंय. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ झालं. साठ दिवस कायम राहिले, कागदावर. नागपूरच्या एका आईने स्वतःसाठी आणि मुलासाठी २०१३ मध्ये अर्ज केला. नुसत्या अंतरिम पोटगीचा वाद कुटुंब न्यायालयातून नागपूर खंडपीठात आणि तिथून दिल्लीला गेला. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला ४ नोव्हेंबर २०२० रोजी. साठ दिवसांच्या कामाला सात वर्षं. सात वर्षांत बालवाडीतलं पोर पाचवी-सहावीत जातं. तेवढ्या काळाच्या वह्या, गणवेश, दवाखाना, दूध, हे सगळं आईने कुठून आणलं असेल, ते तिलाच ठाऊक.

त्या निकालाने मात्र दोन खिळे पक्के ठोकले. पहिला, नवरा-बायको दोघांनीही आपलं उत्पन्न, मालमत्ता आणि कर्ज प्रतिज्ञापत्रावर उघड करायचं. 'धंदा बसला', 'नोकरी सुटली' असं तोंडी सांगून भागणार नाही. दुसरा, पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची. म्हणजे खटला लांबवून नवऱ्याचा काही फायदा उरू नये. पुढे काय झालं? नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयालाच पाहावं लागलं, की खालची न्यायालयं हे पाळत नाहीत. निकालाच्या प्रती पुन्हा सगळीकडे पाठवा, असा आदेश द्यावा लागला. तीन वर्षांपूर्वीचा हुकूम पुन्हा वाचून दाखवायची वेळ आली. ही माहिती पोहोचवण्याची अडचण नाही. बाईच्या अर्जाला थांबायला लावलं तरी चालतं, ही आपली सवय आहे. ती मोडायला हवी.

आणि धर्म कोणताही असो, भूक सारखीच. इंदूरच्या शाहबानोंना १९८५ मध्ये दरमहा १७९ रुपये २० पैशांची पोटगी सर्वोच्च न्यायालयाने मान्य केली. त्यावर केवढं रान पेटलं. १० जुलै २०२४ रोजी त्याच न्यायालयाने तेलंगणातल्या एका खटल्यात पुन्हा ठामपणे सांगितलं, की घटस्फोटित मुस्लिम स्त्रीलाही या कलमाखाली पोटगी मागता येते. मधे एकोणचाळीस वर्षं. 'नंतर' किती लांबतं ते असं मोजायचं.

आता नांदायला येण्याचा दावा. वकील त्याला कलम ९ म्हणतात. हिंदू विवाह कायदा, १९५५. नवरा किंवा बायको सबळ कारणाशिवाय वेगळी राहत असेल, तर दुसऱ्याने न्यायालयात जायचं आणि 'नांदायला ये' असा हुकूम आणायचा. दावा दोघांनाही करता येतो. पण सासरी परत कुणाला पाठवतात, हे आपल्या घरांमध्ये कुणाला सांगायला नको.

मराठी माणसाला हा दावा नवा नाही. अकराव्या वर्षी लग्न लावून दिलेल्या रखमाबाईंवर त्यांच्या नवऱ्याने १८८४ मध्ये मुंबईत हाच दावा लावला. मार्च १८८७ मध्ये हुकूम झाला: नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. रखमाबाई म्हणाल्या, तुरुंगात जाईन. शेवटी १८८८ मध्ये नवऱ्याने दोन हजार रुपये घेऊन दावा सोडला. त्या लंडनला गेल्या, डॉक्टर झाल्या, सुरत आणि राजकोटला वर्षानुवर्षं बायकांची सेवा केली. हा दावा इंग्रजांच्या कायद्यातून आपल्याकडे आला. इंग्लंडने तो १९७० मध्ये रद्द केला. आपण ठेवला आहे. आज तुरुंग नाही, पण हुकूम मानला नाही तर मालमत्तेवर जप्ती येऊ शकते. आणि हा हुकूम पोटगी अडवण्यासाठी सर्रास वापरला जातो. 'नांदायला बोलावलं होतं, आली नाही, आता पोटगी कसली?'

त्या प्रश्नाला १० जानेवारी २०२५ रोजी उत्तर मिळालं. झारखंडच्या एका बाईविरुद्ध नवऱ्याने असा हुकूम मिळवला होता. ती गेली नाही, म्हणून उच्च न्यायालयाने तिची पोटगी काढून घेतली. सर्वोच्च न्यायालयाने ती परत दिली, दरमहा दहा हजार रुपये, आणि सांगितलं, की नांदायला न जाण्यामागे रास्त कारण असेल तर नुसत्या हुकमावर पोटगी नाकारता येणार नाही. उत्तम. पण मुळात हा दावाच कशाला हवा? प्रेम, विश्वास, एका ताटात जेवण, यातलं काहीही बेलिफाच्या हातून घरी येत नाही. आधी दावा आणि तिची इच्छा नंतर, हा क्रम उलटा करा. कलम ९ रद्द करा.

सगळ्यात शेवटी येतं ते मूल. ते तर सगळ्यांनाच नंतर आठवतं.

एका कुटुंब न्यायालयात, मुलांना भेटवण्याच्या खोलीबाहेर, मी एक बाप बसलेला पाहिला. मुलीसाठी चपला आणल्या होत्या. ती आली, त्याने खाली बसून पायात घालून पाहिल्या. टाच बाहेर राहिली. शेवटच्या भेटीला सात महिने झाले होते. दर वेळी पुढची तारीख पडत गेली आणि मुलीचा पाय वाढत गेला. त्याचं आणि तिच्या आईचं कुणाचं किती चुकलं, ते मला माहीत नाही. मुलीचं काही चुकलं नव्हतं, एवढं नक्की.

आईवर अन्याय होतो म्हणून बापावरचा अन्याय मोजू नये, असं मी म्हणणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये सांगितलं, की मुलाला दोघांच्याही मायेचा हक्क आहे. ज्याच्याकडे ताबा नाही, त्याला रोज पाच-दहा मिनिटं तरी मुलाशी बोलता आलं पाहिजे, फोनवर किंवा व्हिडिओवर. यात नीट ऐकण्यासारखं हे आहे, की हक्क मुलाचा आहे. भेट अडवणारी आई किंवा भेटीला दांडी मारणारा बाप एकमेकांचा सूड घेत असतात आणि त्याची किंमत लेकरू चुकवतं.

मुलाचं म्हणणं ऐका, हे तरी नवं आहे का? पालक व पाल्य अधिनियम १८९० चा. त्याच्या कलम १७ मध्ये लिहिलंय, की मूल विचार करून सांगण्याएवढं मोठं असेल, तर त्याची पसंती न्यायालयाला लक्षात घेता येते. १८९० मध्ये हे कळत होतं. तरी जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला केरळमधल्या बारा वर्षांच्या मुलाच्या ताब्याबद्दल स्वतःचाच निकाल फिरवावा लागला. आधी ताबा बापाकडे देण्याचा हुकूम कायम झाला होता. त्या हुकमाने मुलगा भीतीने, काळजीने किती खचला, ते मानसोपचाराच्या अहवालांतून पुढे आलं. ताबा आईकडे राहिला, बापाला भेटीचा हक्क मिळाला. आपला निकाल मागे घ्यायला मन मोठं लागतं. मी त्या न्यायमूर्तींचा आदर करते. पण मुलाचं मन कळायला त्याला आधी आजारी पडावं लागलं, हे विसरता येत नाही. ताब्याचा निकाल लिहिण्याआधी मुलाशी बोला. प्रत्येक खटल्यात. शांत खोलीत, आई-बाप आणि वकील बाहेर ठेवून.

या सगळ्याला दिल्लीची वाट पाहायला हवी का? नाही. विवाह, घटस्फोट, अज्ञान मुलं, वारसा हे विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत आहेत. राज्याच्या विधिमंडळाला केंद्राच्या कायद्यात आपल्यापुरती दुरुस्ती करता येते, त्याला राष्ट्रपतींची संमती लागते इतकंच. आणि महाराष्ट्राने हे करून दाखवलेलं आहे. १९९४ मध्ये आपल्या विधिमंडळाने हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती केली आणि एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीला मुलासारखाच जन्मसिद्ध वाटा दिला. केंद्राला तिथे पोहोचायला २००५ उजाडलं. अकरा वर्षं आपण पुढे होतो.

म्हणून माझं मागणं मुंबईच्या विधानभवनाकडे आहे. कलम ६ मध्ये 'बाप आणि त्याच्यानंतर आई' याऐवजी 'आई आणि बाप' असं लिहा. अज्ञान बायकोचा पालक नवरा, ही ओळ कायमची काढून टाका. आईचं नाव मुलाच्या नावात पुढे आणणाऱ्या राज्याला हे जड नाही. एका अधिवेशनात होण्याजोगं काम आहे. तेवढं केलंत, तर शाळेच्या खिडकीवर उभ्या असलेल्या माझ्या शेजारणीला पाचवी खेप घालावी लागणार नाही.