भुताची मालिका जाणकारांसोबत कशी पाहावी

गोव्यातल्या पेडणे किंवा डिचोली तालुक्यात पाहुणा म्हणून मुक्काम असेल आणि जेवणं उरकल्यावर कुणी 'रात्रीस खेळ चाले'चा जुना भाग लावला, तर प्रथम बसण्याची जागा नीट निवडावी. सोफा रिकामा दिसला तरी तो मामाचा असतो, आणि मामाला पुढची सगळी कथा पाठ असते. पाहुण्याने खाली, आजीच्या शेजारी बसावं. माहिती तिथे मिळते.

भिंतीवर हार घातलेला आजोबांचा फोटो असतोच. त्याच्याखाली मात्र बसू नये. १९९५ च्या 'हम पाँच' मालिकेत प्रिया तेंडुलकर फोटोच्या चौकटीतून नवऱ्याला, म्हणजे अशोक सराफांना, सुनवायच्या. तेव्हापासून पुष्कळ कुटुंबांत त्या चौकटीकडे पाठ करून बोलताना लोक शब्द जपून वापरतात.

'रात्रीस खेळ चाले' झी मराठीवर २२ फेब्रुवारी २०१६ ला सुरू झाली. वेळ रात्री साडेदहाची. पुढे तिची तीन पर्वं झाली. पुण्या-मुंबईत ती भयमालिका समजली जाते. इथे ती विनोदी आहे, हे पाहुण्याने वेळीच ओळखलेलं बरं. मालिकेत नाईकांचा वाडा म्हणून दिसणारं घर सावंतवाडी-कुडाळ रस्त्यावरच्या आकेरीतलं. पत्रादेवीचा नाका ओलांडला की फार लांब नाही. एवढ्या जवळच्या भुताला भ्यायचं म्हणजे शेजाऱ्याच्या कोंबड्याला भ्यायचं. त्यात भाषा जवळपास घरचीच, त्यामुळे एखादा हेल चुकला तरी स्वयंपाकघरातून दुरुस्ती येते. पांडू आला की मोकळेपणाने हसावं. मालिकेचे संवाद लिहिणारे प्रल्हाद कुडतरकरच पांडू झालेत. माधव अभ्यंकरांच्या अण्णांनी डोळे वटारले की मात्र हसू आवरावं, कारण तसे डोळे असलेला एखादा काका घरात हजर असतो.

खरी कसोटी भूत दिसल्यावर. आजी विचारते, "ह्यो कसलो? ह्येचो दांडो खंय?" इथे मान डोलवावी, उत्तर देऊ नये. आजीचं माप देवचाराचं. देवचार म्हणजे गावाचा रात्रपाळीचा राखणदार: हातात दांडा, खांद्यावर कांबळं, ठरलेली हद्द. रोट, विडी, थोडा सोरो (दारू) वेळेवर पोचला की तो कुणाच्या वाटेला जात नाही. मालिकेतल्या भुताला ना हद्द, ना मान, ना मागणी. नुसतं पार्श्वसंगीत. असल्या बेशिस्त भुताबद्दल आजीला चीड येते.

जाहिराती लागल्या की उठू नये. खरा भाग तेव्हा सुरू होतो. डिचोलीचं घर असेल तर साळ गावच्या गड्यांचा, म्हणजे जत्रेतल्या व्रतस्थ पुरुषांचा, विषय निघेल. होळीच्या पौर्णिमेपासून तीन रात्री गडे अंधारात रानाकडे धावतात, डोंगरावर देवचाराच्या चुडी, म्हणजे मशाली, दिसल्याचं लोक सांगतात, आणि देवचाराने दडवलेल्या गड्यांना बाकीचे शोधून आणतात. हजारो माणसं त्यासाठी रात्र जागवतात, तीही जाहिरातींशिवाय. पेडण्याचं घर असेल तर कोजागिरीची पुनव आलीच. रवळनाथ-भूतनाथाची तरंगं, म्हणजे देवांचे सजवलेले खांब, निघतात. भूतनाथ देऊळ मागतो, तेही एका रात्रीत बांधून. रुसून रानाकडे निघतो, आणि भक्त 'सायबा, सायबा' करत त्याची समजूत काढून त्याला परत आणतात. देऊळ होत नाही, रुसवा राहतो, पुढल्या वर्षी पुन्हा तोच प्रसंग आणि तेवढीच गर्दी. एवढं टिकाऊ कथानक कुठल्याही वाहिनीच्या लेखकाला सुचलेलं नाही.

"असलं काही नसतं हो," हे वाक्य पाहुण्याने उच्चारू नये. ते काम मास्तर असलेल्या काकांचं. ते मोठ्या आवाजात बोलतात, आणि दहानंतर परसातला पंप बंद करायला जाताना पुतण्याला सोबत नेतात. कारण विचारू नये.

भाग चालू असताना लाईट गेली तर ओरडू नये, खिडकीतून शेजारी पाहावं. तिथेही अंधार असेल तर निवांत वारा घ्यावा. तिथे उजेड असेल आणि फक्त आपल्याकडेच अंधार, तर फ्यूज बघायला कुणाला तरी बाहेर जावं लागणार. मामा म्हणेल, "पावण्याक बॅटरी दी." अशा वेळी चप्पल सापडत नाही, असं सांगावं.