चावत न्हाई, खरं भुकतंय

गडहिंग्लजमध्ये घराला बेल असली तरी ती वाजवत नाहीत. फाटकाशी उभं राहून 'हायत काय वो?' अशी गल्लीभर ऐकू जाईल अशी हाळी देतात. मग कुत्रं भुंकतं. मग बाहेरून 'चावतंय काय?' आणि आतून, 'न्हाई वो, काय करत न्हाई. या की.' हे उत्तर पुष्कळ मालकांनी पाहुण्याच्या पोटरीला हळद लावतानाही दिलेलं आहे. (हळद नव्हे. साबण लावून पंधरा मिनिटं वाहतं पाणी, आणि तडक दवाखान्यात लस. एवढी गोष्ट हसण्यावारी न्यायची नाही.)

आमचा राक्या, लसीच्या कार्डावर रॉकी, हा 2020च्या उन्हाळ्यातला. पिल्लाच्या तिसऱ्या ते बाराव्या-चौदाव्या आठवड्यात जे त्याच्या नजरेखालून जातं, ते त्याला पुढे परकं वाटत नाही, असं स्कॉट आणि फुलर या अमेरिकन अभ्यासकांनी 1965च्या त्यांच्या ग्रंथात मांडून ठेवलंय. नेमक्या त्या आठवड्यांत राक्याने बघितलं काय? लावलेलं फाटक, घरातली आम्ही माणसं आणि तोंड बांधून आलेला दूधवाला. पुढे लॉकडाऊन उठला आणि माणसं नाकातोंडासकट रस्त्यावर आली, तेव्हा गावावर धाड पडली अशीच त्याची समजूत झाली असणार. त्यात पोस्टमनने भर घातली. पोस्टमन येतो, राक्या भुंकतो, पोस्टमन जातो. तो तसाही जाणारच असतो, अजून निम्मी गल्ली वाटायची असते. पण राक्याच्या खात्यावर हा विजय म्हणून जमा होतो.

उपाय सांगायला गाव कमी पडलं नाही. पाणी मारा, बांधून घाला, एक दणका द्या. बांधलेल्या कुत्र्याला पळून जायची सोय उरत नाही, म्हणून ते जास्तच भुंकतं. आणि दणके खाऊन गुरगुरणं तेवढं थांबतं, भीती आत तशीच राहते. असं कुत्रं पुढे न सांगता चावतं. गुरगुरणं ही कुत्र्याची सभ्यता आहे. माणसांतसुद्धा आधी गुरगुरणारे मला जास्त भरवशाचे वाटतात.

खरा उपाय अंतराचा. अनोळखी माणूस दिसतोय, कान टवकारलेत, पण अजून भुंकणं सुरू नाही, एवढ्या लांब उभं राहायचं. माणूस दिसला की उकडलेल्या कोंबडीचा बारीक तुकडा. माणूस दिसेनासा झाला की तुकडे बंद. क्रम महत्त्वाचा. आधी तुकडा आणि मग माणूस असं झालं, तर कोंबडीवरचाच विश्वास उडायचा. भुंकलाच तर रागवायचं नाही, आपणच मागे सरायचं. पावलॉव्हला 1904 साली नोबेल मिळालं ते पचनावरच्या कामाबद्दल, आणि त्याच कामात कुत्र्यांच्या तोंडाला सुटलेल्या पाण्यातून पुढचं सगळं शास्त्र निघालं. पांढरा-तांबडा रस्सा नुसता आठवून तोंडाला पाणी सुटणाऱ्या जिल्ह्याला हे वेगळं समजावायला नको.

अडलं ते पाहुण्यांपाशी. या उपचारात पाहुण्याने करायचं काय, तर काहीच नाही. कुत्र्याच्या डोळ्यांत बघायचं नाही, वाकायचं नाही, च्यक्‌च्यक्‌ करायचं नाही, थोडं कडेला वळून उभं राहायचं. आता ज्या गावात नवं माणूस दिसलं की 'कुठलं गाव? कुणाच्यात आलाय?' हे विचारल्याशिवाय पुढचं पाऊल पडत नाही, तिथे 'दुर्लक्ष करा' म्हणजे शुद्ध अपमान. मावशी म्हणाल्या, 'आमी काय वैरी हाय काय त्येचं, बघायचं बी न्हाई म्हंजे?' त्यातही 'मला कुत्री वळखत्यात' म्हणणारे मामालोक सर्वांत धोक्याचे. ते थेट डोक्यावर हात ठेवायला वाकतात. त्या वेळी राक्या जांभई देतो, ओठ चाटतो, मान फिरवतो. तूरिद रुगोस या नॉर्वेच्या बाईंनी अशा खुणांवर पुस्तकच लिहिलंय: कुत्रं सांगत असतं की मला भांडण नकोय, तूही जरा दमानं घे. मामा म्हणतात, 'झोप आल्या बिचाऱ्याला,' आणि आणखी वाकतात.

खरं तर हे शास्त्र आपल्या जिल्ह्याला नवं नाही. कोल्हापूर संस्थानात शिकारीचे चित्ते होते. इथले संपत आल्यावर ते आफ्रिकेतून मागवले गेले. चित्ता माणसाळवायची जुनी रीत म्हणजे त्याला बांधून माणसांच्या वर्दळीत बसवायचं, रोज, कंटाळा येईपर्यंत. शिकार झाल्यावर हरीण त्याच्या जबड्यातून ओढून काढायचं नाही. लाकडी पळीतून रक्त पुढे करायचं, तो आपणहून सोडतो. चित्तेवानांनी पावलॉव्ह वाचला नव्हता. गंमत अशी की आज अमेरिकेत सॅन दिएगोच्या प्राणिसंग्रहालयात बुजऱ्या चित्त्याला धीर यावा म्हणून सोबतीला कुत्रं ठेवतात. इथे आमच्या कुत्र्याला सोबत कुणाची द्यायची? ग्रामदैवत काळभैरव, भैरवाचं वाहन कुत्रं, तेव्हा शेजारच्या आण्णांनी अंगारा आणून दिला. लावला. कोंबडीही चालू ठेवली.

शेवटी सापडला तो फुटबॉल. हे गाव फुटबॉलचं. एम. आर. हायस्कूलच्या मैदानावर सामना चालू असला की गर्दीतलं एकही माणूस दुसऱ्याकडे बघत नाही. सगळ्यांच्या नजरा चेंडूला बांधलेल्या. कुत्र्याकडे न बघणारी इतकी अनोळखी माणसं एका जागी गडहिंग्लजात दुसरीकडे मिळायची नाहीत. आम्ही पार लांब, रस्त्याच्या पलीकडे उभे राहायचो. आरडाओरडा ऐकू यायचा, पाठी दिसायच्या, राक्या कोंबडी खायचा. हंगाम सरता सरता आम्ही रस्ता ओलांडला. गोल झाला की मात्र मागे पळावं लागे, कारण तेव्हा माणसं वळून दिसेल त्याला मिठी मारतात.

आता तो फाटकाशी आलेल्या माणसाला एकदा 'भू' करतो, वळून माझ्याकडे येतो आणि हिशेब मागतो. पोस्टमन जरा नाराज आहे. गल्लीत मात्र वेगळीच काळजी पसरली आहे.

'कुत्रं भुकंना झालंय तुमचं. बरं न्हाई काय त्येला?'

त्याची विचारपूस करायला रोज कोणी ना कोणी येतं. निम्मे लोक आमच्याही ओळखीचे नसतात, आणि सगळे वाकून त्याच्या डोळ्यांत बघतात.