घरच्या घरी, फुकटात

घर सजवायला पैसे लागतात हा गैरसमज फर्निचरवाल्यांनी पसरवलेला आहे. पैसे लागतात ते पैसे वाचवून घर सजवायला. हा मार्ग खडतर आहे. त्याला चिकाटी लागते, फेविकॉल लागतो आणि घरात निदान एक माणूस असा लागतो, की ज्याच्या हातून आजवर एकही रिकामी बाटली कचऱ्यात गेलेली नाही. असा माणूस ज्या घरात आहे तिथे इंटिरियर डेकोरेटरची गरजच पडत नाही. पडली तरी तो आत शिरू शकत नाही, कारण पॅसेजमध्ये बाटल्या असतात.

डोंबिवलीत आमच्या शेजारी असं एक घर आहे. काकूंनी ‘टाकाऊतून टिकाऊ’चं व्रत घेतलंय. पूर्वी या व्रताची कहाणी महिला मासिकांत वाचायला मिळायची, आता ती मोबाइलवर दिसते. मोबाइलमधली बाई तीन मिनिटांत सरबताच्या बाटलीचा दिवा करते आणि वर हसतेही. काकूंना तेवढा वेळ पुरत नाही, पण काकू मोबाइलमधल्या नाहीत, खऱ्या आहेत.

तो दिवा कसा झाला हे सांगण्यासारखं आहे. बाटली घरचीच, कोकम सरबताची, म्हणजे फुकट. तिच्यावरचं लेबल रात्रभर गरम पाण्यात ठेवूनही निघेना, म्हणून थिनर आणलं. अर्ध्या लिटरपेक्षा लहान डबा दुकानात नव्हता. मग रंग. हवे होते दोन, पण संच बाराचा येतो. मग ब्रश, फुलं-पानं वळायला एम-सील, मानेला गुंडाळायला सुतळी, कडांना सोनेरी रंग, आत सोडायला दिव्यांची माळ. माळेची वायर बाहेर काढायला काचेला भोक हवं, म्हणून काकांच्या ड्रिल मशीनला काचेचं पातं आणलं. ते लावल्यावर मशीन चालत नसल्याचं लक्षात आलं, तेव्हा मशीन दुरुस्तीला गेलं. भोक पाडताना पहिली बाटली फुटली. दुसरी बाटली भरलेली होती. ती रिकामी करणं भाग होतं, त्यामुळे त्या डिसेंबरात आमच्या मजल्यावरचे सगळे जण थंडीने कुडकुडत कोकम सरबत प्यायले. काकांनी फुटलेली काच गोळा करताना बोट कापून घेतलं आणि धनुर्वाताचं इंजेक्शनही घेतलं. दिवा मात्र सुरेख झाला. कोणी विचारलं की काकू सांगतात, “अहो, कसला खर्च? बाटली तर घरातलीच होती!”

यातलं अर्थशास्त्र समजून घ्यायला हवं. या शास्त्रात वाचलेला पैसा मोजतात, गेलेला मोजत नाहीत. दुकानात तसाच दिवा पाचशेला होता. तो घेतला नाही, म्हणजे पाचशे वाचले. हजाराचा असता तर हजार वाचले असते, आणि तो हजाराचा नव्हता याची काकूंना थोडी खंत आहे. शिवाय उरलेले दहा रंग घरात पडून आहेत. ते वाया जाऊ नयेत म्हणून आणखी बाटल्या लागणार. बाटल्यांसाठी सरबत लागणार. थिनरचा डबा रिकामा झाला की तोही रंगवता येईल. ही काटकसर एकदा सुरू झाली की तिला अंत नाही, हेच तिचं मोठेपण.

कोणी म्हणेल, आपल्याकडे पूर्वीपासून हेच चालत आलंय. आहेच. डालडा १९३७ साली बाजारात आला आणि त्याचा पिवळा डबा रिकामा झाल्यावर त्यात तुळस लावायची हे कोणाला शिकवावं लागलं नाही. तेलाचा पंधरा किलोचा पत्र्याचा डबा संपला की पत्र्याचं काम करणाऱ्याकडून वरचा पत्रा कापून त्याला झाकण बसवून घेत आणि पुढची वीस वर्षं त्यात तांदूळ राहत. जुन्या लुगड्यांची गोधडी होई, गोधडी विरली की पायपुसणं, पायपुसणं विरलं की सायकल पुसायचं फडकं. पण त्या लोकांची दृष्टी कोती होती. त्यांना डबा हवा होता म्हणून त्यांनी डबा केला. तांदूळ नसताना डबा करून ठेवावा आणि मग त्यात काय ठेवायचं याचा विचार करत बसावं, ही कल्पकता त्यांना सुचली नाही.

कव्हरांकडे वळतो. ज्या घरात वस्तूंना कव्हरं नाहीत त्या घराला संस्कार नाहीत असं काकांचं मत आहे. त्यांच्याकडे फ्रिजला वरून खिशांचं कव्हर आहे, दांड्याला वेगळं. मिक्सरला, वॉशिंग मशीनला, पाण्याच्या फिल्टरला आहे. रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत असून पिशवीला रबर आहे. आवाजाचं बटण नेमकं रबराखाली येतं, म्हणून बातम्या मोठ्या आवाजातच ऐकाव्या लागतात. पण रिमोट दुकानातून आणला तसाच कोरा आहे.

या सगळ्यांत सोफा श्रेष्ठ. तो घरी आला तेव्हा कारखान्याच्या प्लास्टिकमध्ये होता आणि अजूनही आहे. प्लास्टिक दिसायला बरं नाही म्हणून त्यावर चादर. चादर मळू नये म्हणून तिच्यावर जुनी चादर. पाहुणे येणार म्हटलं की जुनी चादर काढतात, खास पाहुणे असतील तर नवीही काढतात. प्लास्टिक काढण्याइतका खास पाहुणा अजून यायचा आहे. मे महिन्यात त्या प्लास्टिकवर बसलेला माणूस फार वेळ बसत नाही. उठतानाही तो एकदम उठू शकत नाही, टप्प्याटप्प्याने सुटतो. दुसऱ्या चहाचा प्रश्न त्यामुळे येत नाही. मधे एकदा सोफ्याचा मूळ रंग कोणता यावरून वाद झाला. काकू म्हणत मरून, काका म्हणत कॉफी. प्लास्टिक आता इतकं पिवळट पडलंय की वरून काही कळत नाही आणि उचलून बघायला दोघंही तयार नव्हते. शेवटी काकांनी फाइलमधून पावती काढली. पावतीवर रंग लिहिलेला नव्हता, पण पावती इतकी वर्षं सांभाळली याबद्दल दोघांनाही समाधान वाटलं.

हल्लीची मुलं म्हणतात, वस्तू वापरण्यासाठी असते. मुलं लहान आहेत. वापरलेली वस्तू झिजते, न वापरलेली टिकते. म्हणजे वस्तूचा सर्वांत किफायतशीर वापर म्हणजे ती न वापरणं. शोकेसमध्ये काका-काकूंच्या लग्नात आलेला चिनीमातीचा संच आहे. त्यातल्या एकाच कपाचा कान तुटलाय आणि तोही चहा पिताना नव्हे, दिवाळीत पुसताना. यावर उपाय म्हणून आता तो पुसत नाहीत.

पण काकूंच्या कलेची खरी कसोटी लागली ती ओलीच्या भिंतीवर. डोंबिवलीचा पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना ओल म्हणजे काय हे सांगायला नको. आधी हाताएवढा डाग, मग पोपडे, मग जिल्ह्याच्या नकाशासारखी कड. हॉलच्या भिंतीवर असा डाग उमटला तेव्हा पहिला उपाय परंपरेने सांगितलेला होता, म्हणजे त्यावर कॅलेंडर टांगलं. ‘कालनिर्णय’ १९७३ साली सुरू झालं आणि तिथीवार, सण, मागच्या पानावरच्या पाककृती, दुधाचे खाडे या सगळ्यांइतकीच त्याने ओल झाकण्याची सेवा केलेली आहे. ही सेवा बहुधा पहिल्या पावसाळ्यापासूनची असावी. पण दोन पावसाळ्यांत डाग कॅलेंडरच्या बाहेर आला. मग शेजारी एक निसर्गचित्र आलं. मग घड्याळ थोडं सरकलं. शेवटी भिंतीवर वस्तू इतक्या झाल्या की डाग कमी आणि भिंतच वाईट दिसायला लागली, तेव्हा काकूंनी फोमच्या विटा आणल्या.

या विटांचे तक्ते मिळतात. मागचा कागद सोलला की चिकटतात. मला तर ही आपल्या बांधकामशास्त्राची परमावधी वाटते. आधी विटांची भिंत बांधायची, विटा दिसू नयेत म्हणून प्लास्टर करायचं, प्लास्टर दिसू नये म्हणून पुट्टी, पुट्टीवर रंग आणि रंगावर विटांचं चित्र. सगळा खर्च करून माणूस जिथून निघाला तिथे येतो, फक्त वीट आता दाबली की आत जाते.

ओलीचं मूळ कारण वरच्या मजल्यावरच्या नहाणीत आहे, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तिथल्या लाद्यांमधल्या फटी भरल्या आणि पाणी जायचं तोंड नीट बसवलं की काम भागेल, असं प्लंबर पहिल्याच दिवशी म्हणाला होता. पण त्यासाठी वरच्यांशी बोलावं लागेल. वरच्यांशी बोलणं बंद आहे, कारण त्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांचं पाणी काकूंच्या पापडांवर पडलं होतं. तेव्हा विटाच स्वस्त. फोममुळे आतली ओल बाहेर दिसत नाही आणि सुकतही नाही, त्यामुळे मागे बुरशी धरते, तक्ते सुटायला लागतात आणि दर दिवाळीला नवे लावावे लागतात. जुन्याच्या जागी दरवर्षी वेगळा रंग घेता येतो. गेल्या वर्षी लाल विटा होत्या, यंदा पांढऱ्या आहेत. बुरशीचा वास लपवायला काकू संध्याकाळी धूप घालतात. आलेला माणूस म्हणतो, “किती प्रसन्न वाटतं हो तुमच्याकडे!”

गणपतीच्या मखराबद्दल फार लिहीत नाही, तो काकांच्या मनातला नाजूक विषय आहे. त्यांनी एकदा थर्मोकोलचा महाल केला होता, कमानींचा, कोरीव खांबांचा. खिडक्या रंगवून उरलेला ऑइलपेंट घरात होता. तो वाया का घालवा म्हणून महालाला तोच दिला. ऑइलपेंटातल्या थिनरने थर्मोकोल विरघळतो, हे ज्ञान काकांना खांब बसायला लागल्यावर झालं. महाल पडका दिसू लागला, पण काका डगमगले नाहीत. त्या वर्षी त्यांनी देखाव्याचं नाव ‘आपले गडकिल्ले’ ठेवलं आणि सोसायटीत पहिलं बक्षीस मिळवलं. पुढे २३ मार्च २०१८ रोजी राज्य सरकारने प्लास्टिक आणि थर्मोकोलच्या वस्तूंवर बंदीची अधिसूचना काढली. आता तो किल्ला वापरता येत नाही, आणि बक्षीस मिळालेली वस्तू टाकता येत नाही. तो माळ्यावर आहे. थर्मोकोलमध्ये ९८ टक्के हवा असते, म्हणजे काकांच्या माळ्याची निम्मी जागा हवा सांभाळण्यात खर्च होते.

माळ्याबद्दल मात्र लिहायलाच हवं. काकांचं बालपण वरळीच्या बीडीडी चाळीत गेलं. १६० चौरस फुटांची खोली आणि तिच्यात माळा. त्या माळ्यावर माणसं झोपली, मुलांनी अभ्यास केला, एकाने एसएससीही तिथेच पार केली. तिथे सामान ठेवायची चैन कोणाला परवडत नव्हती. डोंबिवलीत ब्लॉक घेतल्यावर काकांनी ठरवलं, की आता माळ्यावर फक्त वस्तू राहतील आणि माणसं खाली राहतील. वस्तूंनी हा करार पाळला नाही. माळा भरला, त्या दिवाणात उतरल्या, दिवाण भरला, त्या पलंगाखाली आल्या. मुलाची लहानपणीची सायकल, मोडका पाळणा, टीव्हीचं खोकं, ज्याचं खोकं आहे तो टीव्ही. पाळणा कोणासाठी, असं मुलाच्या बायकोने एकदा विचारलं. काकू फक्त हसल्या. तेव्हापासून ती रविवारी येत नाही, शनिवारी येऊन लगेच जाते.

यंदा आमच्या इमारतीच्या पुनर्विकासाचं निघालं आणि या सगळ्या साधनेची दखल प्रथमच अधिकृत पातळीवर घेतली गेली. पुनर्विकासाला ५१ टक्के सभासदांची संमती लागते. बिल्डरचा तरुण माणूस लॅपटॉप घेऊन आला आणि गच्चीवर पडदा लावून त्याने पोहण्याचा तलाव दाखवला, व्यायामशाळा दाखवली, ज्येष्ठांना बसायला बाक दाखवले. शेवटी म्हणाला, “काही प्रश्न?”

काका उठले. “माळा किती फुटांचा देताय?”

“काका, हल्ली माळे नाही देत आम्ही. फ्लॅट मोकळा दिसतो.”

“दिसतो, पण सामान कुठे ठेवायचं?”

“सामान कमी करायचं ना, काका.”

गच्चीवर शांतता पसरली. मग पहिल्या मजल्यावरचे जोशी बोलू लागलेले पाहून तिसऱ्या मजल्यावरचे पाटीलही बोलू लागले. त्या दोघांचं पार्किंगवरून सहा वर्षं पटत नव्हतं, माळ्यावरून पटलं. काकूंच्या वरच्या बाईही म्हणाल्या, की पितळी भांडी आम्ही काय डोक्यावर ठेवायची? त्या दिवशी एकही सही झाली नाही.

पंधरा दिवसांनी तो मुलगा सुधारित आराखडा घेऊन आला. नहाणीवर आणि स्वयंपाकघरावर, प्रत्येक घरात, दोन-दोन फूट उंचीचे माळे, दारांसकट. त्या खर्चाची भरपाई म्हणून तलाव गेला होता. तलाव गेल्याचं कोणाच्या लक्षातही आलं नाही. सह्यांना रांग लागली आणि रांगेत काका पहिले होते. काकू मात्र टेबलापाशी थांबून बिल्डरची रंगीत माहितीपुस्तिका बोटांनी चाचपत होत्या. कागद जाड होता, गुळगुळीत होता, पाण्याने लगेच ओला होणारा नव्हता.

“या आणखी चार मिळतील का हो?” त्यांनी त्या मुलाला विचारलं. “नाही म्हणजे, ओट्याखालच्या कप्प्यांत घालायला बऱ्या पडतील.”